फुटाण्यांचा डबा

इंग्रजी कादंबऱ्यांतले कंजूस म्हातारे सुधारतात ते कडाक्याच्या थंडीत. बाहेर बर्फ पडत असतो, चर्चच्या घंटा वाजत असतात आणि उजाडेपर्यंत म्हातारा असा बदलतो की शेजारीपाजारी त्याला ओळखत नाहीत. ही प्रकरणं मी अकोल्याच्या एका कॉलेजात बरीच वर्षं शिकवली. त्यांच्यावर माझा एकदाही विश्वास बसला नाही. पोरांचाही बसत नसावा. पण पोरं परीक्षेपुरता कशावरही विश्वास ठेवायला तयार असतात.

माझे घरमालक सुधारले ते आश्विनातल्या उन्हात. अकोल्यात तेव्हा बर्फ फक्त सरबताच्या गाडीवर मिळतो. त्यांना एक रात्र पुरली नाही. आणि घंटा तर सोडाच, त्यांच्या घरात दरवर्षी जो एक डबा वाजायचा तोही वाजेनासा झाला.

सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची. जुन्या शहरात त्यांचं दोन मजली घर होतं. खाली ते आणि काकू, वर आम्ही दोघं नवरा-बायको भाडेकरू. काकाजींची नोकरी अकोटच्या एका जिनिंग कारखान्यात झाली. कापसाचा पुंजका चिमटीत धरून ओढायचा आणि धागा किती निघेल ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर भाडं होतं, अकोटकडे थोडं शेत होतं आणि खर्च नावाची गोष्ट नव्हती. "हाये त्यात भागते," हे त्यांचं आवडतं वाक्य. आम्हाला खोली दाखवताना ते म्हणाले होते, "सर, पंखा हाये. पन हवा तं खिडकीतूनच चांगली येते."

पेपर माझ्या नावाने यायचा आणि त्यांच्या हाती पडायचा. मी खाली उतरेपर्यंत त्यांचा अग्रलेखासकट वाचून झालेला असे. घडी मात्र अशी घालून ठेवत की पेपर टाकणाऱ्यालाही तशी जमू नये. एकदा मी म्हटलं, "काकाजी, ठेवून घ्या की दिवसभर." ते दुखावले. "लोकाचा पेपर कसा ठेवाचा, सर? आपन काय भिकारी हाये का?"

जिन्यातल्या दिव्याचं बटण त्यांच्या खोलीत होतं. पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखायचे आणि दिवा लावायचा की नाही ते ठरवायचे. माझ्या मोबाइलला टॉर्च आहे हे कळल्या दिवसापासून माझ्या पावलांना दिवा लागेनासा झाला. मिस्ड कॉलचं तर त्यांनी शास्त्र केलं होतं. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे जेवायला थांबू नका, आणि तिसरी वाजायच्या आत उचलणारा माणूस बेजबाबदार. मग कंपन्यांनी बोलणंच जवळजवळ फुकट करून टाकलं आणि हे शास्त्र बुडालं. त्या दिवशी काकाजी मनापासून खिन्न दिसले. म्हणाले, "आता वाचवाचं काय?"

त्यांच्या पलंगाखाली एक काळी लोखंडी पेटी होती. लग्नाकार्यात मिळालेल्या साड्या, ब्लाउजपीस, टॉवेल-टोप्या, सगळं त्या पेटीत जायचं आणि पुढच्या लग्नात कुणाच्या तरी हातावर ठेवलं जायचं. असं थोडंफार आपण सगळेच करतो. पण आपल्याकडे निदान एखादी वस्तू तरी वापरली जाते. काकाजींच्या पेटीत शिरलेली वस्तू पुन्हा वापरासाठी म्हणून बाहेर आलीच नाही. एक नारळ तर असा होता की गल्लीतल्या गुरुजींपेक्षा त्याने जास्त लग्नं पाहिली असावीत.

आता मी अमरावतीला राहतो. पेपर मला पहिल्या हाती मिळतो आणि त्याची घडी नेहमी वेडीवाकडी असते.

*

डब्याची गोष्ट सांगायची तर आधी भुलाबाईची सांगावी लागेल. भाद्रपदाच्या पौर्णिमेला वऱ्हाडात भुलाबाई माहेरी येते आणि कोजागिरीपर्यंत राहते. म्हणजे मातीची भुलाबाई आणि तिचा भुलोजी पाटावर मांडायचे आणि गल्लीतल्या पोरींनी रोज संध्याकाळी घरोघर जाऊन त्यांच्यापुढे टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायची. गाणी झाली की खाऊ. पण खाऊ सरळ मिळत नाही. घरातलं कुणीतरी झाकण लावलेला डबा कानाशी धरून हलवतं आणि आत काय आहे ते पोरींनी आवाजावरून ओळखायचं. ज्या घरचा खाऊ ओळखू येत नाही त्या घराची गल्लीत वट. बायका त्यासाठी काय काय करतात! डब्यात वाटी ठेवतात, वाटीत चमचा ठेवतात, लाडू फडक्यात गुंडाळतात.

काकाजींच्या घरचा डबा हातात घेतला रे घेतला की पोरी ओरडायच्या, "फुटाणे!" भल्या मोठ्या डब्यात मूठभर फुटाणे. खुळखुळ असा आवाज यायचा की पलीकडच्या गल्लीतूनही ओळखावा. काकाजींना त्यात काही वावगं वाटत नसे. "ओळखला न पोट्ट्यांनी? मंग झालं. ओळखासाठीच असते ते."

त्यांची स्वतःची मुलगी त्या पोरींतच असायची. काकू सांगत की डबा निघायच्या वेळी ती पाणी प्यायला म्हणून आत निघून जाई आणि बाहेरचा ओरडा थांबल्याशिवाय परत येत नसे.

पुढे ही मुलगी शिकली, शिक्षिका झाली आणि लग्न होऊन अमरावतीला गेली. स्थळ चांगलं होतं. जावई बँकेत, सासू निवृत्त शिक्षिका. सासूबाई हौशी. लग्नात त्यांनी काकूंसाठी साडी आणली होती, चिंचेच्या रंगाची, आणि फॉल स्वतःच्या हाताने लावलेला. लग्नाच्या गडबडीत ती काकाजींच्या हाती पडली. काकाजींच्या हाती पडलेली साडी कुठे जाणार, ते सांगायला नको.

त्या वर्षीच्या दिवाळीला मुलगी-जावई अकोल्याला आले. भाऊबीज झाल्यावर सासूबाई सुनेला न्यायला आल्या. आम्हा दोघांनाही फराळाला बोलावणं होतं, कारण अर्धा फराळ आमच्याकडूनच खाली गेलेला होता. निघायच्या वेळी काकाजींनी पेटीतून एक साडी काढून काकूंच्या हातात दिली. काकूंनी कुंकू लावून विहीणबाईंची ओटी भरली.

विहीणबाईंनी घडी उघडली. काठ उलटा केला. पर्समधून चष्मा काढून लावला आणि बराच वेळ त्या काठाकडे पाहत राहिल्या.

"ईनबाई," त्या काकूंना म्हणाल्या, "हे साडी म्या तुमच्यासाठी घेतली होती. हा फॉल माह्या हातचा हाये."

काकूंनी ती साडी जन्मात पाहिली नव्हती. त्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या. "मले तं कोनी दाखवलीच नाई," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

काकाजी म्हणाले, "साडी साडी असते. नवीनच हाये न? कोनी नेसली बी नाई."

याहून वाईट उत्तर शोधूनही सापडलं नसतं. विहीणबाईंनी साडीची घडी घातली, पाटावर ठेवली आणि चपला घालायला गेल्या. मुलीने आपल्या ओटीतला नारळ, तांदूळ, ब्लाउजपीस सगळं काढून त्या साडीशेजारी ठेवलं.

"या घरातून मी काई नेत नाई, बाबा. अन् आता येत बी नाई."

काकाजींना वाटलं, राग आहे, दोन दिवसांत जाईल. तसा तो गेला नाही. पुढच्या दिवाळीला ती आली नाही. बाळंतपण अमरावतीलाच झालं. नात झाली, रांगली, चालली, शाळेत गेली, पण अकोल्याच्या घराचा उंबरा तिने पाहिला नाही. काकू अधूनमधून अमरावतीला जाऊन येत. बायकांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यावर काकाजींनी त्यालाही तोंडभर संमती दिली. "अर्ध्यात जाते, तं जाऊ दे." स्वतः मात्र गेले नाहीत. माफी मागायला काही खर्च येत नाही, म्हणून तिला काही किंमतही नसणार, असा त्यांचा हिशेब असावा. त्या मानाने मला तो प्रामाणिक वाटतो. फुकटात माफी मागून मोकळी होणारी माणसं मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये रोज पाहत असे.

काकू त्या वर्षांत बोलत कमी आणि टोमणे जास्त मारत. रोज संध्याकाळी दिवा लावताना म्हणत, "भुलाबाई मातीची असून माहेरी येते. आमची हाडामासाची हाये, म्हनून येत नाई." काकाजी वातीकडे पाहत. वात कमी करायची सोय आहे का ते पाहत असावेत असं मला तेव्हा वाटायचं. आता तसं वाटत नाही.

*

एका वर्षी माझ्या बायकोने आमच्या खोलीत भुलाबाई मांडली. दुपारी तिच्या मोबाइलवर काकूंचं अमरावतीशी बोलणं चालायचं, चित्रासकट. काकू खालच्या ओट्यावर बसायच्या आणि काकाजी जवळच भिंतीला टेकून माझा पेपर दुसऱ्यांदा वाचत असायचे. फोनवरून मुलीचा आवाज आला की ते पेपर डोळ्यांसमोर धरायचे. पण कितीही वेळ झाला तरी पान उलटत नसत.

त्या दिवशी, बायकोने मला नंतर सांगितलं, फोन नातीच्या हातात होता. "आजी, काल आमच्या इथं आजोबांचा खाऊ होता. सगळ्यांनी लगेच ओळखला!"

"आजोबांचा खाऊ म्हंजे काय वं माय?" काकूंनी विचारलं.

"फुटाणे! आम्ही सगळ्या मुली तसंच म्हणतो. आईनं सांगतलं."

मागून मुलीने घाईने फोन काढून घेतला. पोर बिचारी निष्पाप होती. तिच्या लेखी आजोबा म्हणजे माणूस नव्हताच. जसं कुणी करंजीला करंजी म्हणतं, तसं फुटाण्यांना आजोबांचा खाऊ म्हणायचं.

काकाजी उठले. पेपर घडी करून पायरीवर ठेवला आणि आत गेले. मी कॉलेजातून आलो तेव्हा तो तिथेच होता. घडी चुकली होती. खेळाचं पान वर आलं होतं.

त्यानंतर काही दिवस गेले. मग एका सकाळी काकाजी वर आले. आमच्याकडे ते भाडं घ्यायलाही वर येत नसत; मीच खाली नेऊन द्यायचो. दारात उभे राहून म्हणाले, "सर, साडी कुठं भेटते?"

"दुकानात," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"ते मालूम हाये. चांगली कुठं भेटते?"

मोर्णा नदीचा पूल ओलांडून आम्ही बाजारात गेलो. दुकानदार त्यांना ओळखत होता, म्हणजे गिऱ्हाईक म्हणून नाही. प्रसिद्ध माणूस म्हणून. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, घेणारा मी असणार.

"जरी नोको," काकाजी म्हणाले. "जरी म्हंजे देखावा. सुती दाखव." मग त्यांनी एकेक साडीचा काठ चिमटीत धरून पाहायला सुरुवात केली. दुकानदार किमती सांगत होता, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. शेवटी एक मोरपंखी साडी त्यांच्या चिमटीत थांबली. किंमत ऐकून त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. पण डोळे उघडून त्यांनी भाव करायला घेतला. असा भाव मी पाहिलेला नाही. दुकानदाराला घाम फुटला, त्याने शेजारच्या दुकानातून चहा मागवला, शेवटी हात जोडले आणि काकाजी म्हणतील त्या भावाला ती साडी देऊ केली. काकाजींनी चहाचा पेला खाली ठेवला.

"ठीक हाये. आता याच्या वरची दाखव."

साडी आली त्या संध्याकाळी मी बायकोला म्हटलं, "ही पेटीत जाणार." ती म्हणाली, "पेटीत घालायला कुणी दुकानातून साडी आणत नाही."

दुसऱ्या दिवशी काकाजी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि दोऱ्याचं रीळ मागितलं. दुकानदार बाहेर येऊन उभा राहिला. "अख्खं, काकाजी?"

"अर्धं इकतो का तू?"

आणि मग जे सुरू झालं ते पाहायला गल्ली लोटली. काकाजी ओट्यावर चष्मा लावून बसले, मांडीवर साडी घेतली आणि फॉल लावायला लागले. त्यांच्या शिवणाची ख्याती मला ठाऊक होती. स्वतःच्या सदऱ्याची बटणं ते स्वतः लावत आणि दोऱ्यात इतकी काटकसर करत की सकाळी लावलेलं बटण संध्याकाळपर्यंत टिकत नसे. इथे मात्र टाक्याला टाका लागून चालला होता. मुंगी जावी तितक्या हळू. वाकडा पडला की उसवायचे आणि पुन्हा घालायचे. उसवलेला दोरा फेकून द्यायचे. त्यांच्या हातून काही फेकलं जाताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"माह्या पोलक्याले कदी एक हूक लावून देल्लं नाई," काकू दारातून म्हणाल्या, "अन् ईनबाईच्या साडीले फॉल!"

"तू रुसून गेली असती तं तुले बी लावून देल्ला असता."

"जाऊ का मंग?"

"आता नोको. दोरा संपत आला."

जाणारी-येणारी माणसं थांबत होती. एक जण म्हणाला, "काकाजी, आमच्या मंडळीचं ब्लाउज शिवून देता का?" काकाजींनी मान वर न करता सांगितलं, "देतो. कापड तुयं, दोरा तुया, अन् तुही मंडळी मले नावं ठेवन ते बी तुयंच."

त्याच सुमारास आमच्या भागात एका पुढाऱ्याने थंड पाण्याचं मशीन दिलं. मशीनपेक्षा त्याचा फोटो मोठा होता. उद्घाटनाला बँड होता, भाषणं होती, दानशूरपणावर एका प्राचार्यांनी अर्धा तास खर्च केला. मशीन कोजागिरीच्या आधीच बंद पडलं. फोटो अजून आहे म्हणतात. त्या भाषणांचा आवाज ओट्यावर येत होता आणि काकाजी खाली मान घालून टाके घालत होते.

*

मला विद्यापीठात पेपर तपासायला अमरावतीला जायचं होतं. काकाजी म्हणाले, "मी बी येतो." साडी एका स्वच्छ फडक्यात बांधून छातीशी धरली होती. एसटीत खिडकीची जागा मिळाली तरी त्यांनी बाहेर पाहिलं नाही. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा एकदम म्हणाले, "सर, तुमी पोरायले शिकवता तरी काय?"

मी सांगितलं. तिकडच्या एका जुन्या गोष्टीत एक कंजूस म्हातारा असतो, त्याच्यावर एका रात्री असं काही गुदरतं की सकाळी तो साफ बदलतो, सगळ्यांना वाटत सुटतो.

"एका रात्रीत?"

"एका रात्रीत."

काकाजींनी विचार केला. "लेखकाले पानं वाचवाचे असतीन."

इतकी वर्षं मी ते शिकवलं, समीक्षकांचे जाडजूड ग्रंथ चाळले, पण इतकी नेमकी टीका मला कुठे वाचायला मिळाली नव्हती. मी हसत राहिलो. ते हसले नाहीत. बडनेरा आलं तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं, "त्या बुढ्याले पोरगी होती का?"

"नाही."

"म्हनून जमलं त्याले."

विहीणबाईंनी दार उघडलं. काकाजींना पाहून त्यांचा हात कडीवरच राहिला. मग शिक्षिका होत्या म्हणून की काय, "या, बसा," म्हणाल्या. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच उभी राहिली. मी कोपऱ्यातली खुर्ची धरली आणि तिथे नसल्यासारखा बसलो.

काकाजींनी फडकं सोडलं आणि साडी विहीणबाईंच्या समोर ठेवली. रस्ताभर त्यांनी काय बोलायचं ठरवलं असेल, कुणास ठाऊक. प्रत्यक्षात म्हणाले, "फॉल पाहून घ्या, ईनबाई."

विहीणबाईंनी चष्मा लावला. काठ उलटा केला. एका टोकापासून बोट फिरवत फिरवत दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. जवळजवळ ती दिवाळीची दुपारच पुन्हा समोर आली होती आणि मुलीच्या चेहऱ्यावर तीच भीती होती, पाणी प्यायला आत जाणाऱ्या पोरीची.

"हा कोनं लावला?" विहीणबाईंनी विचारलं.

"म्या."

"एवढे जवळ जवळ टाके? असा कोनी फॉल लावते का? दोन साड्यायचा दोरा गेला असन याच्यात."

"गेला," काकाजी म्हणाले.

विहीणबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. तो पुन्हा लावला नाही. "उसवाचा म्हटलं तं आठवडा लागन," त्या म्हणाल्या, आणि मग हसायला लागल्या. हसता हसता साडी त्यांनी मांडीवर ओढून घेतली. "मी नेसतो. पन अकोल्यातच नेसतो, कोजागिरीले. सुनेले अन् नातीले घेऊन येतो. चालते न?"

काकाजींनी मान हलवली.

"बाबा," मुलगी दारातून म्हणाली. इतक्या वर्षांत तिने त्यांना मारलेली ती पहिली हाक. "चहा घेता? अर्धाच न?" काकाजी आयुष्यभर अर्धा कप चहा घेत आले होते.

"भरून दे वं माय," ते म्हणाले.

मग शाळेतून नात आली. दप्तर टाकून त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिली. "तुम्हीच का फुटाणेवाले आजोबा?"

"हो," काकाजी म्हणाले. "मीच."

*

कोजागिरीच्या दिवशी सकाळी काकाजींनी ती काळी पेटी ओट्यावर आणली आणि कुलूप काढून बाजूला बसले. "ज्याचं त्यानं न्या," म्हणाले. गल्लीतल्या बायकांनी आपापलं ओळखायला सुरुवात केली तेव्हा जो गोंधळ झाला तो सांगता येणार नाही. एकीला तिच्या लग्नातलं, दुसरीला तिच्या मुलाच्या मुंजीतलं. मला माझीच टॉवेल-टोपी परत मिळाली. दिली तेव्हा नवी होती. मिळाली तेव्हाही नवीच होती. नारळ मात्र कुणी ओळखला नाही. तो फोडायचं धाडसही कुणी केलं नाही.

पेटीच्या तळाशी चिंचेच्या रंगाची साडी होती. ती काकाजींनी स्वतः काढून काकूंना दिली. काकू ती घेऊन आत गेल्या. टोमणा न मारता त्या आत गेल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

संध्याकाळी ओट्यासमोर ज्वारीच्या धांड्यांचा, म्हणजे ताटांचा, मांडव उभा राहिला. आमची भुलाबाई वरून खाली आली. दोन्ही विहिणी शेजारी शेजारी बसल्या होत्या, काकू विहीणबाईंच्या साडीत आणि विहीणबाई काकाजींच्या. फॉल इतका ताठ झाला होता की साडी पायाशी पत्र्यासारखी उभी राहत होती. विहीणबाई चालताना अडखळत होत्या आणि प्रत्येकाला थांबवून तो काठ दाखवत होत्या. जिन्यातला दिवा दुपारपासून लागलेला होता. मुलगी टिपऱ्या घेऊन लहान पोरींच्या गोलात शिरली आणि त्यांच्या बरोबरीने गायला लागली. ती एकही गाणं विसरली नव्हती.

गाणी संपली. डब्याची वेळ झाली. मुलगी या वेळी पाणी प्यायला आत गेली नाही.

काकाजी आतून तोच डबा घेऊन आले. तोच, मोठा, पितळी. पोरींनी सवयीने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं; कारण काकाजींनी डबा हलवला आणि आवाजच आला नाही. पुन्हा हलवला. जोरात हलवला. काही नाही.

"करंजी!"

"नाई."

"पेढे! अनारसे! बासुंदी!"

"नाई, नाई."

पोरींनी अख्ख्या अकोल्यातली मिठाई संपवली. बायकाही ओरडायला लागल्या. माझ्या बायकोने "श्रीखंड" म्हणून पाहिलं. काकाजी डबा कानाशी धरून उभे होते, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्यांच्या घरचा खाऊ गल्लीला ओळखू येत नव्हता. गडी असा खुलला होता की पुढाऱ्याच्या त्या मोठ्या फोटोतही तो आनंद नव्हता.

"हरलो, काकाजी!" पोरी ओरडल्या.

"फुटाणे," नात म्हणाली.

सगळ्या तिला हसल्या. "वाजून कुठं राहिले वं फुटाणे?"

"आजोबाकडं फुटाणेच असतात," ती ठामपणे म्हणाली.

काकाजींनी झाकण काढलं. काढायला त्यांना जोर लावावा लागला. डबा काठोकाठ भरलेला होता, झाकण दाबून बसवलं होतं. आत फुटाण्याला हलायला जागा नव्हती, तर वाजणार कुठून?

मग जो ओरडा झाला तो मोर्णेच्या पलीकडे गेला असेल. नातीला त्यांनी कडेवर घेतलं आणि पोरींच्या ओंजळीत डबा ओतायला लागले. ओंजळी भरल्या, फ्रॉकचे ओचे भरले, तरी डबा संपेना. फुटाणे ओट्यावर सांडले, पायरीवर सांडले, मांडवात लोकांच्या पायांखाली गेले.

सवयीने काकू वेचायला वाकल्या.

"राहू दे वं," काकाजी म्हणाले. "हाये अजून."